ग्राफिक टॅबलेट किती मोठा असावा?

संगणकावर चित्रे काढू पाहणाऱ्या नवशिक्यासमोर ग्राफिक टॅबलेट घेताना पहिला प्रश्न उभा राहतो तो किमतीचा आणि दुसरा आकाराचा. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. एकाच मालिकेतील लहान, मध्यम आणि मोठ्या टॅबलेटच्या किमतींत बरीच तफावत असते आणि कला महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा पहिलीच कामे मिळू लागलेला चित्रकार ही खरेदी वारंवार करू शकत नाही. लहान घेतला तर हात आखडतो, मोठा घेतला तर तो टेबलावर मावत नाही, आणि यांपैकी काय घडले हे बहुधा वस्तू परत करण्याची मुदत टळून गेल्यावर लक्षात येते. दुकानदाराचा सल्ला साधारणपणे 'परवडेल तेवढा मोठा घ्या' असा असतो. हा सल्ला पूर्णतः चुकीचा नसला, तरी तो अपुरा आहे.

येथे टॅबलेट म्हणजे दूरध्वनीसारखा वापरायचा संगणक नव्हे, तर संगणकाला जोडायची सपाट पाटी अभिप्रेत आहे. या पाटीवर विशिष्ट लेखणी फिरवली की संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते. पाटीखाली तारांचे सूक्ष्म जाळे असते. ते विद्युतचुंबकीय लहरी सोडते, लेखणीतील वेटोळे त्यांना प्रतिसाद देते आणि त्यावरून लेखणी नेमकी कोठे आहे व तिच्यावर किती दाब आहे हे कळते. त्यामुळे अशा लेखणीला बॅटरीही लागत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या जपानच्या वॅकॉम कंपनीने ही पद्धत रूढ केली. पुढे चिनी कंपन्यांनीही बॅटरीविना चालणाऱ्या लेखण्या बाजारात आणल्या आणि मध्यम आकाराचा टॅबलेट सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९६४ साली तयार केलेल्या पाटीचे क्षेत्र सुमारे १० इंच लांब व १० इंच रुंद होते आणि तिची किंमत १८ हजार डॉलरच्या घरात होती. आज काही हजार रुपयांत त्याच रुंदीची पाटी मिळते, ही या क्षेत्रातील प्रगती म्हणावी लागेल.

लहान म्हणजे किती?

'लहान', 'मध्यम' आणि 'मोठा' ही नावे कंपन्यांच्या सोयीची आहेत. ती समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे कागदाचे आकार. लहान टॅबलेट साधारणपणे ए-६ कागदाएवढा, मध्यम ए-५ एवढा आणि मोठा ए-४ एवढा असतो. छपाईचा नेहमीचा ए-४ कागद एकदा दुमडला की ए-५ होतो, पुन्हा दुमडला की ए-६. भारतात सहज मिळणाऱ्या 'वन बाय वॅकॉम' या साध्या मालिकेतील लहान टॅबलेटचे रेखाटनक्षेत्र १५२ गुणिले ९५ मिलिमीटर आहे, म्हणजे टपाल खात्याच्या पोस्टकार्डाहून किंचित मोठे. मध्यम टॅबलेटचे क्षेत्र २१६ गुणिले १३५ मिलिमीटर आहे. व्यावसायिकांसाठीच्या 'इंटुओस प्रो' मालिकेत २०१७ साली आलेल्या मोठ्या टॅबलेटचे क्षेत्र ३११ गुणिले २१६ मिलिमीटर होते. ह्यूऑन, एक्सपी-पेन आदी कंपन्यांच्या अनेक पाट्या १० गुणिले सव्वासहा इंच, म्हणजे २५४ गुणिले १५९ मिलिमीटर अशा असतात. त्या मध्यम आणि मोठ्या यांच्या दरम्यान बसतात.

खरेदी करताना पाहायचे ते हे रेखाटनक्षेत्र. जाहिरातीतील छायाचित्रात दिसते ती संपूर्ण पाटी असते. वर उल्लेखिलेला १५२ मिलिमीटर क्षेत्राचा लहान टॅबलेट बाहेरून २१० मिलिमीटर रुंद आहे. कडेच्या त्या पट्ट्यावर लेखणी कितीही फिरवली तरी काहीच उमटत नाही. याशिवाय पडदा असलेल्या टॅबलेटचा आकार दूरचित्रवाणी संचाप्रमाणे कर्णात सांगितला जातो, तर पडदा नसलेल्याचा लांबी-रुंदीत. त्यामुळे '१३ इंची' आणि '१० गुणिले ६ इंची' या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

पडद्याशी गुणोत्तर

टॅबलेटचा आकार एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या पडद्याला जोडला जाणार यावर सारे अवलंबून असते. सर्वसाधारण मांडणीत पाटीची डावी कड म्हणजे पडद्याची डावी कड आणि उजवी म्हणजे उजवी. म्हणजेच पाटी कितीही लहान असली तरी ती संपूर्ण पडद्याचे प्रतिनिधित्व करते.

हिशेब अवघड नाही. २४ इंची रुंद पडद्याची आडवी लांबी सुमारे ५३१ मिलिमीटर असते. तिला लहान टॅबलेटच्या १५२ मिलिमीटरने भागले तर उत्तर साडेतीन येते. हात एक मिलिमीटर हलला की पडद्यावरील रेघ साडेतीन मिलिमीटर हलते. मध्यम टॅबलेटवर हेच गुणोत्तर सुमारे अडीच होते आणि ३११ मिलिमीटरच्या मोठ्या टॅबलेटवर १.७. चित्रकाराच्या हाताला जो स्वाभाविक सूक्ष्म कंप असतो, तो या प्रमाणात मोठा होऊन डोळ्यांसमोर येतो. 'माझ्या रेघा संगणकावर डळमळतात' ही नवशिक्यांची तक्रार पुष्कळदा कौशल्याविषयी नसून या गुणोत्तराविषयी असते.

आता तोच लहान टॅबलेट १५.६ इंची लॅपटॉपला जोडला तर काय होते? अशा लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद असतो. गुणोत्तर २.३ च्या आसपास येते, म्हणजे २४ इंची पडद्यावर मध्यम टॅबलेट वापरल्यावर येते त्याहून थोडे कमीच. म्हणून लॅपटॉपवर काम करणाऱ्या मित्राने 'लहान पुरेसा आहे' असे सांगितले आणि घरी मोठा पडदा असलेल्याने 'लहान निरुपयोगी आहे' असे सांगितले, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. लॅपटॉपवर हाताचा कंप डोळ्यांना कमी दिसतो, तो नाहीसा होत नाही. चित्र मोठ्या आकारात छापले की तो पुन्हा प्रकट होतो.

'लहान टॅबलेट सर्वांना पुरतो' हा समज कोठून आला याचेही उत्तर येथे सापडते. २००० च्या सुमारास घरोघरी असलेल्या १५ इंची जाड काचेच्या मॉनिटरचा दृश्य भाग जेमतेम २८० मिलिमीटर रुंद असे. त्या काळी लोकप्रिय असलेल्या चार गुणिले पाच इंची टॅबलेटशी त्याचे गुणोत्तर २.२ होते. सल्ला तेव्हा योग्यच होता. नंतर पडदे मोठे होत गेले, टॅबलेट तेवढाच राहिला आणि सल्लाही तसाच पुढे चालू राहिला.

याउलट, लहान टॅबलेट 'कमी अचूक' असतो ही समजूत यंत्रापुरती तरी निराधार आहे. इंटुओसच्या साध्या मालिकेतील पाटी एका इंचात २,५४० रेषा ओळखते. सहा इंच रुंदीत या रेषा १५ हजारांहून अधिक होतात, तर नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० बिंदू असतात. पाटीची सूक्ष्मता पडद्याच्या कितीतरी पुढे आहे. मर्यादा पडते ती मानवी हाताची. दाबाच्या २,०४८, ४,०९६ किंवा ८,१९२ पातळ्यांची जाहिरात ठळक अक्षरांत केली जाते. परंतु आकाराच्या निर्णयाशी तिचा संबंध नाही आणि शिकाऊ चित्रकाराला या पातळ्यांतील फरक जाणवण्याची शक्यताही थोडीच.

मनगट, कोपर आणि खांदा

गुणोत्तरानंतर दुसरा विचार हाताचा. रेघ ओढताना हात तीन ठिकाणांहून फिरतो. बारकावे बोटांनी व मनगटाने भरले जातात, मध्यम लांबीच्या वक्ररेषा कोपरातून येतात आणि लांब, सलग रेषा खांद्यातून. देवनागरी सुलेखन करणाऱ्यांना हा भेद चांगला ठाऊक असतो. अक्षराची गाठ किंवा वेलांटीचे टोक बोटांच्या ताब्यात असते, परंतु लांबलचक शब्दाची शिरोरेखा एका दमात ओढायची तर मनगट स्थिर ठेवून संपूर्ण हात सरकवावा लागतो. मनगटाने ओढलेली शिरोरेखा शेवटी खाली किंवा वर झुकते, कारण मनगट हे केंद्र असून त्याभोवती लेखणी वर्तुळाचा तुकडाच काढते. अंगणात मोठी रांगोळी घालणारा हातही याच कारणाने खांद्यापासून फिरतो.

पोस्टकार्डाएवढ्या पाटीवर खांद्याला काम उरत नाही. त्यातही पाटीची पूर्ण रुंदी चित्रासाठी मिळत नाही. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग, कुंचले आणि थर यांच्या चौकटी पडद्याचा सहज चौथा हिस्सा व्यापतात. म्हणजे १५२ मिलिमीटरपैकी प्रत्यक्ष कागद सुमारे ११४ मिलिमीटरचाच. जो चित्रकार आजवर चित्रफळ्यावर उभे राहून किंवा मोठ्या ड्रॉइंग शीटवर काम करत आला आहे, त्याला ही जागा कोंदट वाटल्यास नवल नाही. ज्याचे सारे आयुष्य वहीच्या समासात आकृत्या काढण्यात गेले आहे, त्याला मात्र ती अगदी ओळखीची वाटेल.

यावर सॉफ्टवेअरने एक उपाय दिला आहे. चित्राचा एखादा भाग मोठा करून घ्यायचा, तो रंगवायचा आणि पुन्हा लहान करायचा. कागद फिरवूनही घेता येतो. लहान टॅबलेटवर उत्तम काम करणारे चित्रकार हेच करतात आणि बारीक कामासाठी हा उपाय पुरेसा आहे. तो अपुरा पडतो तो लांब, एकसंध रेषेपाशी. धावत्या घोड्याची पाठ किंवा साडीच्या पदराची कड तुकड्यातुकड्यांत मोठी करून काढली की जोड दिसतात आणि रेषेतला वेग हरवतो.

कामाच्या स्वरूपानुसार निवड बदलते ती यामुळेच. छायाचित्रांतील डाग काढणे, कडा कापणे, रंग सुधारणे अशा कामाला लहान टॅबलेट केवळ चालतो असे नव्हे, तर तो अधिक सोयीचा ठरतो. हात कमी फिरतो आणि काम लवकर उरकते. २०२० साली शाळा बंद असताना दूरस्थ वर्गात गणिते सोडवून दाखवण्यासाठी शिक्षकांनाही असाच लहान टॅबलेट पुरण्यासारखा होता. व्यंगचित्रे, पुस्तकांतील चित्रे, चित्रकथा आणि पात्ररचना यांसाठी मध्यम किंवा १० इंची पाटी बहुतेकांना योग्य बसते. सुलेखन, हाताने रेखाटलेले ॲनिमेशन आणि मोकळ्या फटकाऱ्यांचे रंगकाम करणाऱ्याने मोठ्या आकाराचा विचार करावा, पण टेबल मोजल्यानंतरच.

सतत मनगटावर भार देऊन लहान क्षेत्रात तासन्‌तास काम केल्यास मनगट आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणे उद्भवू शकते. म्हणून मोठा टॅबलेट हाच त्यावर इलाज, असे मानणेही धोक्याचे आहे. मोठ्या पाटीवर प्रत्येक वेळी वरच्या कोपऱ्यातील मेनूपर्यंत हात न्यावा लागतो आणि दिवसाअखेर खांदा भरून येतो. लेखणी घट्ट न धरणे, कोपराला आधार देणे आणि मधूनमधून उठणे यांचा उपयोग कोणत्याही आकारात होतो. बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा टिकून राहिल्यास टॅबलेट बदलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवणे इष्ट.

टेबलावरची जागा

मोठ्या टॅबलेटच्या खरेदीत सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे टेबल. वर उल्लेखिलेला मोठा इंटुओस प्रो बाहेरून ४३० मिलिमीटर रुंद आणि २८७ मिलिमीटर खोल आहे. पूर्ण आकाराचा कळफलक सुमारे ४५० मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही शेजारी ठेवले तर ८८ सेंटिमीटर होतात आणि घरातील सामान्य तीन फुटी टेबल ९१ सेंटिमीटरचे. चहाचा कप ठेवायलाही जागा उरत नाही. चित्रकाराचा दुसरा हात सतत कळफलकावर असतो. पुसणे, मागे जाणे, कुंचला बदलणे हे सारे तो कळांनी करतो. त्यामुळे कळफलक दूर सारता येत नाही. तो पाटीच्या पुढे ठेवला तर हात लांबवावा लागतो, बाजूला ठेवला तर पाटी पडद्याच्या समोरून सरकते आणि मान वाकडी होते. महाविद्यालय आणि घर यांच्यात रोज लोकलने किंवा बसने ये-जा करणाऱ्यासाठी वजनाचा प्रश्न वेगळाच. मध्यम प्रो टॅबलेट सुमारे ७०० ग्रॅमचा आहे, तर मोठा १,३०० ग्रॅमचा, आणि तो अनेक पाठपिशव्यांत मावतही नाही.

मोठ्या आकाराच्या बाजूने एक मुद्दा मात्र निर्विवाद आहे. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन रेखाटनक्षेत्र कमी करता येते. मोठी पाटी मध्यम किंवा लहान म्हणून वापरता येते, परंतु लहान पाटी वाढवता येत नाही. दोन आकारांमध्ये मन डळमळत असेल, पैसे आणि टेबल दोन्हींची सोय असेल, तर एक पायरी वर जाणे कमी जोखमीचे.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक चाचणी घरच्या घरी करता येते. जाड पुठ्ठ्याचे १५२ गुणिले ९५ आणि २१६ गुणिले १३५ मिलिमीटरचे दोन तुकडे कापावेत, ते संगणकासमोर नेहमीच्या जागी चिकटवावेत आणि पडद्याकडे पाहत बंद पेनाने त्यावर रेषा ओढाव्यात. हात कडेबाहेर कितीदा जातो हे लगेच समजते. याहून विश्वसनीय पुरावा जुन्या वह्यांत असतो. कोणी सांगितले नसताना काढलेली चित्रे मोजून पाहावीत. ती बहुतांशी तळहाताएवढी असतील तर लहान किंवा मध्यम टॅबलेट पुरेल. पानभर पसरलेली असतील तर लहान टॅबलेटवर काही महिन्यांतच पश्चात्ताप होण्याची शक्यता अधिक.

पडद्याच्या आणि पाटीच्या आकृतीतील फरकही तपासावा. आजचे बहुतेक पडदे १६ास ९ या प्रमाणाचे आहेत, तर अनेक पाट्या १६ास १० किंवा त्याहून चौकोनी असतात. दोन्हींचे प्रमाण जुळवून न घेतल्यास हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसते. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची सोय असते, पण तिची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. २२४ गुणिले १४८ मिलिमीटरच्या जुन्या मध्यम इंटुओस प्रोवर असे केल्यास उंचीतील सुमारे २२ मिलिमीटर पट्टा निकामी होतो. २०२५ साली आलेल्या नव्या इंटुओस प्रोमध्ये कंपनीने पाटीच १६ास ९ प्रमाणाची केली. संगणकाला दोन पडदे जोडलेले असतील तर पाटी आपोआप दोन्हींवर विभागली जाते आणि लहान टॅबलेटचे गुणोत्तर साडेतीनवरून सातवर जाते. अशा वेळी पाटी एकाच पडद्याला बांधून घेणे हे पहिले काम.

पडदा असलेला टॅबलेट

ज्या टॅबलेटमध्ये पाटी आणि पडदा एकच असतात, तेथे लेखणी जेथे टेकते तेथेच रेघ उमटते. गुणोत्तराचा प्रश्नच संपतो आणि आकाराचा विचार केवळ जागेपुरता उरतो. १३ इंची पडद्यावर चौकटी उघडल्या की चित्रासाठी वहीच्या पानाएवढी जागा राहते. १६ इंची पडदा बहुतेकांच्या टेबलाला झेपतो. २२ इंच आणि त्यापुढचे पडदे स्टुडिओतील कायमच्या जागेसाठी ठीक, कारण त्यांना मजबूत तिरका आधार लागतो. मात्र अशा टॅबलेटवर सतत खाली वाकून पाहावे लागते, हाताने चित्राचा भाग झाकला जातो आणि पडद्याची ऊब तळहाताला जाणवते. पडदा नसलेल्या पाटीवर मान सरळ राहते. केवळ 'खऱ्या कागदासारखे' म्हणून अनेकपट रक्कम मोजण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

ज्यांनी आधीच लहान टॅबलेट घेतला आहे आणि २४ इंची पडद्यावर ज्यांचा हात अडखळतो आहे, त्यांनी नवी खरेदी करण्याची घाई करू नये. हातातील पाटी पडद्यावर उमटणारी रेघ पाहत चालवण्याची सवय व्हायलाच काही आठवडे लागतात. त्यानंतरही अडचण राहिली, तर सेटिंगमध्ये पाटी संपूर्ण पडद्याऐवजी त्याच्या ६० टक्के रुंदी-उंचीच्या भागाला जोडावी आणि चित्राची चौकट नेमकी त्या भागात बसवावी. गुणोत्तर साडेतीनवरून सुमारे २.१ वर येते. उरलेल्या भागातील मेनूंपर्यंत लेखणी पोहोचणार नाही; त्यांच्यासाठी डाव्या हाताशी माउस किंवा कळफलकावरील कळा ठेवाव्या लागतील.